आणखी एक धरण बांधले की गोव्याची टंचाई संपते का?

‘गोव्यात वर्षाला 3000 मिमी पाऊस पडतो, सगळा समुद्रात जातो. आणखी एक धरण बांधा, एप्रिलची टंचाई संपली!’ हा मजकूर दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. पावसाचा आकडा साधारण बरोबर आहे. पुढचे तर्कट मात्र टिकत नाही.

‘साठाच नाही.’ साळावली, अंजुणे, आमठाणे ही धरणे आहेत, शिवाय महाराष्ट्रासोबतच्या तिळारी धरणातला वाटा. तिळारीचा कालवा फुटला की धरणात पाणी असूनही बार्देश-पेडणे तहानते आणि अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला आमठाण्याचा आधार घ्यावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये तर भर पावसात पणजी-फोंड्याचे नळ कोरडे पडले, कारण खांडेपारजवळ ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या. तिथे नवे धरण काय कामाचे?

‘गळती किरकोळ असते.’ 30 मीटर उंच पाण्याच्या दाबाखाली 3 मिमीच्या भोकातून दिवसाला सुमारे 9000 लिटर जातात. माणशी 135 लिटर धरले तर हे सुमारे 66 जणांचे पाणी. दाब निम्मा केला तरी त्याच भोकातून 6300 जातात, म्हणजे नुसता दाब कमी करून भागत नाही, भोक शोधावेच लागते. त्यासाठी एका टाकीवरून पाणी मिळणारा भाग वेगळा काढा: पाणी आत येणारी वाट एकच, तिच्यावर मीटर, हद्दीवरचे व्हॉल्व्ह बंद. मग रात्री 2 ते 4 या वेळेतला प्रवाह मोजा; तेव्हा वापर जवळपास नसतो, म्हणून वाहते ते बहुतेक गळतीचे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. जुना व्हॉल्व्ह फिरवून बंद वाटतो, पण आतून पाझरतो. आत येणारी वाटही थोडा वेळ बंद करून आतला दाब शून्यावर येतो का, हे आधी पाहा. आणि जिथे पाणी ठरावीक तासच सुटते, तिथे रात्री घरोघरच्या टाक्या भरत असतात. त्या भरल्याशिवाय आकडा खोटाच. मुख्य वाहिनीपेक्षा घरजोडणीच्या फेरूलजवळ (मुख्य वाहिनीला घराचा नळ जोडणारा तुकडा) आधी शोधा. जांभ्यात मुरलेले पाणी वर दिसेलच असे नाही.

‘नळाला मोटर लावली तर काय बिघडते?’ वाहिनीतला दाब पडतो, शेवटच्या घरांना थेंब मिळत नाही आणि गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. तळटाकी फ्लोट व्हॉल्व्हने भरावी, मोटर तिच्यातूनच चालवावी.

‘मग साठवायचेच नाही?’ साठवा, नदी-ओढ्यांवर फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांत. फळ्या लवकर घातल्या तर परतीच्या पावसाचा लोंढा त्या उखडतो, उशीर केला तर अडवायला प्रवाहच उरत नाही. फळ्यांच्या दोन रांगांमध्ये माती घट्ट ठोकून भरा, नाहीतर फटींतूनच पाणी निघून जाते. आणि जूनच्या आधी फळ्या काढून सावलीत रचून ठेवा.