ओम्नीचाच आहे, डोळे झाकून न्या

तुमच्या ओम्नीचा मागचा एक्सल गेलाय आणि नव्याचा भाव ऐकून तुम्ही सेकंडहँड घ्यायचं ठरवलंय. इथवर उत्तम. आता एकच पथ्य पाळा: गाडीखाली शिरून काहीही मोजू नका. खिशात टेप घेऊन जाणं म्हणजे विकणाऱ्याचा तोंडावर अपमान. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठा, ऑइलनं काळवंडलेल्या ढिगाकडे बोट दाखवा आणि एवढंच म्हणा, "ओम्नीचा एक्सल."

कुठल्या सालची गाडी, हे शेठ विचारणार नाहीत. तुम्हीही सांगू नका. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 पर्यंत बनत होती. एवढ्या वर्षांत एकाही इंजिनिअरनं तिच्या पोटाखाली हात घातला नसणार, हे उघडच आहे. चासी नंबर दिला की पार्ट्सच्या दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवरून नेमका पार्ट नंबर काढून देतो, अशी एक बोलवा आहे. लोकांना रिकामे उद्योग फार.

रेशोचं, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो त्या आकड्याचं, तर नावच काढू नका. काही संशयी गिऱ्हाइकं ढिगातल्या एक्सलचं एक टोक घट्ट धरायला लावतात, दुसरं टोक दोन पूर्ण वेढे फिरवतात आणि मधली फ्लँज (इंजिनाकडून येणारा दांडा जिला जोडतात ती चकती) किती वेळा फिरली ते खडूची खूण करून मोजतात. पाच वेढे आणि वर थोडंसं, म्हणजे समजा क्राउनला (एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला) 41 दात नि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला) 8, रेशो 5.125. दुसरा एखादा 39 आणि 8 चा निघाला तर 4.875. पाव आकड्यासाठी भर बाजारात हात काळे करायचे? उलट फायदा बघा. मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, मागे एक्सल बदललाय हे तिच्या गावीही नसतं. 5.125 च्या जागी 4.875 बसला तर काटा 60 वर असताना गाडी 63 नं धावेल. तीन किलोमीटर फुकट! कात्रजच्या चढाला भरलेली गाडी दुसऱ्यात दम टाकेल, तेव्हा पहिला टाका. गिअर दिलेत कशाला?

ओम्नीचा मिळालाच नाही तर ईकोचा उचला. शेठना विचारा, "बसेल का?"

"मालक, बसवला की बसतो."

यात तुम्हाला हवी ती सगळी माहिती आली. ओम्नीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, ईकोला कॉइल स्प्रिंग. ओम्नीचं चाक 12 इंची, ईकोचं 13. पाट्यांना टेकायला हाउसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, जी बैठक लागते ती ईकोच्या एक्सलला नसतेच. मग वेल्डिंगवाला काय शोभेला बसलाय? जाड पट्टीचे दोन तुकडे कापून तो अंदाजानं चिकटवून देईल. तापल्यामुळे हाउसिंगची नळी वाकते म्हणतात, पण वाकून वाकून किती, केसभर! मग बेअरिंग केसभर तिरकं फिरतं, ऑइल सील एका अंगानं झिजतं, गिअर ऑइल पाझरून ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेकचे लायनर छान मऊ तुळतुळीत होतात. ब्रेक मारताना कचकन आवाज येण्याची कटकट कायमची गेली. बैठकीचा कोन चुकून पिनियनचं नाक वर झालं, तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या त्या दांड्याचा, जॉइंट वेगात थरथरेल. तो गाडीचा उत्साह समजावा. (हँडब्रेकची केबल तोकडी पडली तर दगड आहेतच. महाराष्ट्रात दगडाला तोटा नाही.)

माल मात्र नीट पारखून घ्या, म्हणजे रंग बघा. ताजा काळा ऑइलपेंट दिसला की समजा, वस्तू जपलेली आहे. रंगाखाली वेल्डिंगचा जुना सांधा आहे का हे नखानं खरवडून बघणं असभ्यपणाचं. ऑइलचा बूच काढून आत बोट घातलंत आणि बोटावर चंदेरी चमक आली, तर घाबरू नका, ते क्राउन-पिनियनचंच पोलाद आहे. बाहेर कुठे सांडलेलं नाही, तुमच्याच एक्सलमध्ये आहे. फ्लँज हातानं हलवून पाहिली आणि खडखड वाजली तर शेठ सांगतील, "एवढा प्ले लागतोच." माना डोलवा. फ्लँजची भोकं, हाफ शाफ्टच्या (एक्सलच्या आतून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन म्हणजे खाचा, ड्रमचा व्यास हे सगळं गाडी उघडल्यावर कळेलच की. आत्ताच मोजलं तर गॅरेजवाल्यानं दिवसभर काय करायचं?

हाफ शाफ्ट तेवढा गमतीचा. या एक्सलमध्ये चाक थेट हाफ शाफ्टवरच बसतं आणि शाफ्टला जागेवर धरतं ते बेअरिंग. ते बेअरिंग नि त्याची रिंग कशी आहे हे न बघता बसवलंत, तर एखाद्या दिवशी चाक शाफ्टसकट बाहेर येऊन तुम्हाला ओव्हरटेक करेल. गाडीत शाळेची मुलं असतील तर त्यांना फारच मजा वाटेल.

असं झालंच, तर एक्सल घेऊन पुन्हा शेठकडे जा. माल परत होत नाही, पण भंगारात ते जरूर घेतील. घेताना तो नगावर होता, देताना किलोवर जाईल. तिथे मात्र तराजूसमोर उभे राहा, शंभर ग्रॅमही सोडू नका. मोजमापाला आपण कुणाच्या बापाला ऐकत नाही, हे त्यांना कळू द्या.