जिन्याखालचा फळा

"मॅडम, फळ्यावरचं माझं नाव तेवढं पुसाल का?"

मधली सुट्टी संपायला दोन मिनिटं होती. विचारणारी मुलगी नववीतली, वर्गात दुसरी आलेली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) आमच्या शाळेत जिन्याखाली एक मोठा फळा आहे. प्रत्येक चाचणीनंतर त्यावर वर्गवार पहिल्या तिघांची नावं लागतात. माझं अक्षर बरं, म्हणून अकरा वर्षं ती नावं मीच लिहीत आले. एवढ्या वर्षांत आडनावाची वेलांटी चुकली, एक मार्क कमी लिहिला अशा तक्रारी घेऊन पुष्कळ जण आले. नाव काढा म्हणणारी ही पहिलीच.

मला वाटलं, लाजतेय. कारण विचारलं तर म्हणाली, "नाव लागलं की पुढच्या वेळी नाही लागलं तर सगळ्यांना कळतं. आधी लागलंच नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

मी काय उत्तर द्यावं? "असं नाही पुसता येत गं, नियम आहे." नियमबियम काही नाही. डस्टर माझ्या हातात होतं. घंटा झाली, ती वर्गात गेली आणि मी पुढच्या तासाला त्रिकोणमिती शिकवली, बहुतेक वाईट शिकवली.

पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा. शिक्षक असाल तर रागावून वाचलीत तरी चालेल.

आपल्या शाळांमध्ये यशाचं खातं आणि मनःस्वास्थ्याचं खातं अशी दोन वेगवेगळी खाती असतात. यशाचं खातं रोज चालू. मनःस्वास्थ्याचं वर्षातून एकदा उघडतं. एक वक्ते येतात, मुलांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, ताण घेऊ नका म्हणतात, सामुदायिक फोटो होतो. त्या दिवशी पाचव्या तासाला मी चाचणी घेतली होती. खरंच घेतली होती, पोर्शन मागे पडला होता.

गंमत म्हणजे अशा कार्यक्रमांचीही नीट तपासणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये ८०हून जास्त माध्यमिक शाळा आणि ८ हजारांवर विद्यार्थी घेऊन माइंडफुलनेसचा (म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचा) मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण, वर्गात ठरलेले धडे, सगळं शिस्तीत. ज्या शाळांनी हे धडे घेतले नाहीत, नेहमीचंच काम चालू ठेवलं, तिथल्या मुलांपेक्षा या मुलांचं मन काही जास्त बरं झालं नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला! हे वाचून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? थकलेला शिक्षक मुलाला काय सांभाळणार, हाही याच विषयाचा भाग आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलं ज्याने दमतात ते शाळेच्या रोजच्या कारभारात आहे. वेळापत्रकात आहे, प्रगतिपुस्तकाच्या रकान्यांत आहे, जिन्याखालच्या फळ्यावर आहे. तिथे हात न लावता बाहेरून वक्ता आणणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं.

आधी फळ्याचंच घेऊ. माझ्या वर्गात ५६ मुलं. फळ्यावर तीन. उरलेल्या ५३ जणांना दर चाचणीला एक निरोप जातो, तो कुणी मोठ्याने वाचत नाही इतकंच. पण नाव लागलेल्या तिघांचं भलं होतं, निदान त्यांना हुरूप येतो, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत त्या मुलीने मोडली. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ मधला प्रयोग मला बीएडपासून तोंडपाठ होता, आणि तरीही मी तो कधी त्या फळ्यासमोर उभी राहून आठवला नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढे निवड दिली तेव्हा 'हुशार' मुलांपैकी बहुतेकांनी सोपी कोडी पत्करली. मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना अडखळू दिलं, तर नंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण लिहून द्यायचे होते, तिथे हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी गुण वाढवून लिहिले. ते खोटारडे नव्हते. हुशारीचं बिरूद एकदा चिकटलं की ते राखायला लागतं.

म्हणून लगेच 'मुलाच्या मेहनतीचं कौतुक करा, झालं' असा मंत्र कुणी घेऊ नका. मेहनतीने बुद्धी वाढते, हा विचार छोट्या ऑनलाइन पाठातून देऊन पाहण्याचा मोठा अभ्यास अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झाला, २०१९ मध्ये छापून आला. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि जिथे बरोबरीची मुलं अवघड गणिताला हात घालणाऱ्याला हसत नव्हती, तिथे जास्त वाढले. हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. एकेका मुलाच्या डोक्यात विचार पेरून भागत नाही, शेजारच्या बाकावर कोण बसलंय आणि ते काय म्हणतंय यावर तो रुजतो की नाही ते ठरतं.

क्रमांक काढले तर मुलं आळशी होतील, हा स्टाफरूममधला ठरलेला आक्षेप. सिंगापूरएवढी गुणांच्या मागे लागलेली व्यवस्था शोधून सापडायची नाही. त्या देशाने २०१८ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ पासून प्राथमिक-माध्यमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकातून वर्गातला क्रमांक काढून टाकला. वर्गात सर्वांत जास्त किती, सर्वांत कमी किती, हेही गेलं. नापास गुणांखाली रेघ मारणं गेलं. पुढे २०२२ च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी चाचणी) गणित, वाचन, विज्ञान तिन्हींत सिंगापूर पहिलंच. क्रमांक काढल्यामुळे ते पहिले आले असं मी अजिबात म्हणत नाही, आधीही ते वरच होते. पण आभाळ कोसळलं नाही, हे तर दिसलं ना?

आणि हो, मी परीक्षेच्या विरोधात नाही. उलट, वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलंय आणि माझ्या वर्गात मला रोज दिसतं. हल्ली मी दर आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी घेते. मुलं स्वतःच तपासतात, मी कुठेही नोंद करत नाही. पहिल्या महिन्यात एकाने विचारलं, "मग मॅडम, घेता कशाला?" तिसऱ्या महिन्यात तोच चाचणी राहिली म्हणून आठवण करून द्यायला आला.

एक प्रयोग मात्र अंगावर आला. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ मधला इस्रायलमधला अभ्यास आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काहीच उपयोग झाला नाही, गुण दिसले की शेरा कोण वाचतो! मी ठरवलं, उत्तरपत्रिका सोमवारी शेरे लिहून द्यायच्या आणि गुण बुधवारी सांगायचे. सोमवारी संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावाने चाळीसेक मेसेज. 'मॅडम गुण लपवतात.' बुधवारपर्यंत मुख्याध्यापकांपर्यंत गोष्ट गेली. मी मागे घेतलं नाही, पण पुढच्या वेळी दोन दिवसांचा एक दिवस केला. (तडजोड म्हणा किंवा भित्रेपणा म्हणा, दोन्हीला हरकत नाही.) त्या एका दिवसात मात्र मुलं बाकावर बसून एकमेकांचे शेरे वाचतात, "तुझंही चिन्हच चुकलंय का?" असं विचारतात. गुण हातात आल्यावर हे संभाषण कधीच होत नाही.

आता माझी स्वतःची चूक. तीन वर्षांपूर्वी नववीसाठी सकाळी सातचा जादा तास कुणी सुरू केला? मी. किती अभिमान होता! मुलं पेंगायची, मी म्हणायचे रात्री मोबाइल बघता म्हणून. मोबाइल बघतात हे खरंच आहे. पण वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. तिथल्याच सिएटल शहरात २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं मग जास्तच जागतील असं सगळ्यांना वाटत होतं. मनगटावर यंत्रं बांधून मोजलं तर झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढली होती. मी त्या जादा तासात जे शिकवलं ते निम्म्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागायचं, हे माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. तास बंद केला. त्या दिवशी टाळ्या झाल्या, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या.

पीटीच्या तासाबद्दलही कबुली देते. गणिताला किती पीटीचे तास घेतलेत, मोजले तर एक सत्र भरेल. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या पीटीच्या सरांनी हे छापून स्टाफरूममध्ये माझ्या कपाटावर चिकटवलंय. काढलेलं नाही.

पण खरा धक्का वेगळ्याच ठिकाणी बसला. हार्वर्डमधल्या एका प्रकल्पाची एक साधी युक्ती मी वाचली होती. ती आम्ही आठ शिक्षकांनी एका शनिवारी करून पाहिली. नववीच्या हजेरीपटाची मोठी प्रत भिंतीवर लावली. ज्या मुलाबद्दल आपल्याला गुणांपलीकडे काही ठाऊक आहे, घरी कोण असतं, कशात रमतं, कशाला घाबरतं, त्याच्या नावापुढे आपण एक टिंब द्यायचं. बस्स. दहा मिनिटांत काही नावांपुढे टिंबांची रांग लागली. वर्गात दंगा घालणाऱ्यांपुढे सर्वांत जास्त, त्यांची कुंडली सगळ्यांना पाठ. अकरा मुलांपुढे एकही टिंब नव्हतं. ही अकरा मुलं वेळेवर येतात, वही पूर्ण ठेवतात, मधले गुण मिळवतात, कुणाला त्रास देत नाहीत. नाव वाचल्यावर दोघांचे चेहरेही मला पटकन आठवेनात.

आणि या अकरांनंतर बारावं नाव तिचं, फळ्यावर दुसरी असलेलीचं. तिच्यापुढे एकच टिंब होतं, माझं, तेही त्या मधल्या सुट्टीनंतरचं. तिचे गुण आठही जणांना तोंडपाठ होते.

दहा ते एकोणीस वयातल्या दर सात मुलांमागे एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगाची सरासरी एका वर्गाला तशीच्या तशी लावता येत नाही, कळतं मला. तरी ५६ भागिले सात मी मनात करून टाकलं, गणिताची शिक्षिका आहे. आठ. ती आठ त्या बिनटिंबाच्या अकरांत किती, हे कोण सांगणार?

आम्ही ती अकरा नावं वाटून घेतली. समुपदेशन वगैरे नाही, ते काम ज्यांचं शिक्षण झालंय त्यांचं, आणि गरज दिसली तर मूल त्यांच्याकडेच जायला हवं. आमचं काम एवढंच, की आठवड्यातून एकदा तरी त्या मुलाशी अभ्यास सोडून बोलायचं. माझ्या वाट्याला आलेला मुलगा पहिले तीन आठवडे "बरं आहे मॅडम" याच्या पुढे गेला नाही. चौथ्या आठवड्यात त्याने सांगितलं की तो रोज धाकट्या बहिणीला शाळेत सोडून येतो, म्हणून पहिल्या तासाला धापा टाकत बसतो. गणितात त्याला २२ चे ३१ झाले. कुठल्याही फळ्यावर हे मावत नाही. मी त्याच्या वहीत लिहिलं, त्याने पान दुमडून ठेवलं.

मागच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. जादा तास सकाळी नको, हे मंजूर झालं. टिंबांचा हजेरीपट दर सत्राला सगळ्या वर्गांसाठी करायचा, हेही झालं. तिसरी गोष्ट फळा बंद करण्याची. त्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बघू." पालक फोटो काढतात, संस्थेची माणसं आली की आधी तिथेच थांबतात, हे त्यांचं म्हणणं मला समजतं.

त्या मुलीला मी नंतर सांगितलं की तेव्हा नियम वगैरे काही नव्हता, माझ्या तोंडून उगाच निघून गेलं. ती म्हणाली, "माहिती होतं मॅडम."

या चाचणीची नावं लिहायला मी नकार दिला. फळा तरीही लागलाच, दुसऱ्या एका सरांनी लिहिलाय. अक्षर तिरकं आलंय आणि एका आडनावाची वेलांटी चुकलीय.