काच, कमानी आणि राजाभाऊ

"म्हणजे माझ्या बिल्डिंगला कुठला रंग द्यायचा, हे आता समिती ठरवणार?" राजाभाऊ कट्ट्यावर आले तेच तापून. इमारती रस्त्यावरून कशा असाव्यात याचे नियम आणि ते बघणारी समिती, असा मसुदा निघाला होता. तो त्यांनी अर्थातच वाचलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय तेवढ्यावर त्यांचं भागतं.

"रंगावर जेमतेम एक परिच्छेद आहे," शिल्पा म्हणाली. "बाकी सगळं तळमजल्याबद्दल. रस्त्याकडे नुसती कोरी भिंत नको, दार फुटपाथवर उघडावं, पार्किंगचा रॅम्प मुख्य रस्त्यावर नको."

"जागा माझी, पैसा माझा..."

"आणि सावली आमची. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग अशीच सरळसोट वर नेली, शेजारी अंधारात गेले. पुढच्याच वर्षी कायदा आला: वर जायचं तर रस्त्यापासून मागे सरत जा."

"ते अमेरिकेत!"

"मग मुंबईतलं घ्या. डी. एन. रोड, म्हणजे दादाभाई नवरोजी रस्ता. 1896 च्या नियमाने तळमजल्यावर कमानींखालून चालायची वाट सक्तीची केली. वरच्या मजल्यांना कुणी गॉथिक शैली दिली, कुणी निओक्लासिकल. कुणाची हौस अडली? आणि खालून माणूस पावसात कोरडा चालतो."

राजाभाऊ आकाशाकडे बघू लागले. मुद्दा संपला की ते तिकडेच बघतात.

"चालण्यावरून आठवलं," नाना इतका वेळ गप्प होते, "तुमच्या दुकानाच्या त्या संगमरवरी पायऱ्या फुटपाथवर आल्यात, त्यांनी माझी चप्पल खाल्ली."

"नाना, किती वर्षं तेच!"

"पायऱ्याही तितकीच वर्षं तिथेच आहेत."

विन्याला मात्र समितीच नको होती, आणि त्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं. "समिती म्हणजे खेटे. मोठा बिल्डर भारी आर्किटेक्ट उभा करतो आणि सुटतो. छोटा मालक खिडकीच्या चौकटीसाठी चार महिने लटकतो."

"म्हणूनच मोजता येईल ते नियमात लिहा," शिल्पा म्हणाली. "मेंबरांच्या आवडीनिवडीवर कमीत कमी सोडा."

"मोजलेल्यातूनही पळवाट निघते. त्याच न्यूयॉर्कने 1961 मध्ये सांगितलं, खाली मोकळी जागा सोडा, वर जास्त बांधा, म्हणजे आपल्याकडचा बोनस एफएसआय. बिल्डरांनी काय सोडलं? उघड्याबोडक्या फरशा. बसायला दगडसुद्धा नाही."

"मग 1975 मध्ये नियम सुधारला. दर तीस चौरस फूट मोकळ्या जागेमागे एक फूट लांबीची बसायची जागा. पळवाट दिसली की बुजवायची, नियम कशाला मोडीत काढायचा?" (हे मी लगेच लिहून घेतलं. विन्यानेही मान हलवली, पण कबूल केलं नाही.)

"एक फूट?" राजाभाऊ पुन्हा जमिनीवर आले. "एका फुटात माणूस बसतो तरी का?"

सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. कट्ट्याच्या मधोमध ते ऐसपैस बसलेले, आणि विन्या कडेला एका मांडीवर कसाबसा टेकलेला.

"तुम्ही बोनस एफएसआय खाऊन बसलायत," विन्या म्हणाला.

"तरी परवानगी मिळणार नाही," नाना गंभीरपणे म्हणाले. "वर जाताना मागे सरायचं असतं. हे मधल्या मजल्यावरच पुढे आलेत."

शिल्पाच्या हातातला मसुदा गळून पडला. उचलायला कुणी वाकेना, कारण वाकण्याइतकं हसू कुणालाच आवरत नव्हतं. राजाभाऊंना तर नाहीच.