‘कॅन्सरला सुरी लावू नका’ या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या मराठी-कोकणी व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे : त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्यांचा रोग आहे, आपल्याला तो होत नाही, झालाच तर त्याला सुरी लावू नये, कारण तुकडा काढला किंवा वारा लागला की तो अंगभर पसरतो, डॉक्टर गाठीपेक्षा कितीतरी जास्त कातडी कापतात आणि चेहरा जन्माचा विद्रूप करून ठेवतात, त्याऐवजी बिब्बा, काजूच्या टरफलाचे तेल किंवा परदेशातून मागवलेला ‘काळा मलम’ लावला तर गाठ मुळासकट गळून पडते आणि डागही राहत नाही, फारच घाई असेल तर ती लेझरने जाळून घ्यावी. संदेशाखाली कोणाचेही नाव नाही. ‘पुढे पाठवा, एखाद्याचा चेहरा वाचेल’ एवढी विनंती मात्र आहे. मी स्वतः शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वाचकांनी गृहीत धरावे. पण या दाव्यांपैकी एक-दोन अर्धे खरे आहेत आणि त्यांच्याच आधाराने बाकीचे खपून जातात, म्हणून ते एकेक करून तपासणे आवश्यक वाटते.

पहिला दावा, आपल्याला हा रोग होत नाही. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते आणि गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे या कॅन्सरचे प्रमाण खूपच कमी आहे, इथपर्यंत संदेश बरोबर आहे. परंतु कमी होणे आणि न होणे यांत फरक आहे, शिवाय आपल्याकडे तो वेगळ्या रूपात आणि वेगळ्या जागी येतो. बेसल सेल कार्सिनोमा हा प्रकार आपल्या त्वचेवर पुष्कळदा काळपट दिसतो, त्यामुळे नाकाशेजारचा तीळ समजून वर्षानुवर्षे त्याकडे दुर्लक्ष होते. स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा दुसरा प्रकार भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर उठतो. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये अशा जखमांचे वर्णन केले आणि आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यासाठी ऊन लागतेच असे नाही. धोतराच्या गाठीने कमरेवर सतत घासल्या जाणाऱ्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंद डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतून १९४५ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार मेलानोमा. तो सावळ्या माणसांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो. हणजुणे-हरमलच्या शॅकमध्ये ज्याची गाणी अजून वाजतात त्या बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच मेलानोमा आढळला होता. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने मानला नाही, नखाची गादी तेवढी काढून तिथे कातडी बसवण्यात आली, आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

दुसरा दावा, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. स्क्वेमस आणि मेलानोमा हे प्रकार रसवाहिन्यांतून व रक्तातून पसरतात ते आपल्या गुणधर्माने. वारा लागल्याने किंवा तीन-चार मिलिमीटरचा बायॉप्सीचा, म्हणजे तपासणीसाठीचा, तुकडा घेतल्याने नव्हे. बेसल सेल तर दूरवर पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तो जागच्या जागी पापणी, नाकाची कूर्चा (मऊ हाड), शेवटी हाडही खात जातो. आपल्याकडे रुग्णच उशिरा येतात, पसरलेला रोग शस्त्रक्रियेनंतर लक्षात येतो आणि खापर सुरीवर फुटते, यातून हा समज रुजला असावा. व्रणाची चिंता करणाऱ्याने तर बायॉप्सीचा आग्रहच धरला पाहिजे, कारण गाठ कोणती आहे हे कळल्याशिवाय किती कापायचे हे ठरत नाही आणि ठरले नाही तर एक तर कमी कापले जाते किंवा विनाकारण जास्त.

तिसरा दावा, गाठीपेक्षा जास्त कातडी कापली जाते. हे खरे आहे आणि ते मुद्दाम केले जाते. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गाठीचे सूक्ष्म धागे गेलेले असतात. लहान, कमी धोक्याच्या बेसल सेलभोवती साधारण ४ मिलिमीटर, तशाच स्क्वेमसभोवती ४ ते ६ मिलिमीटर, आणि मेलानोमाभोवती त्याच्या खोलीनुसार १ ते २ सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा काढावी लागते. आता संदेशाच्या लेखकाने न केलेला हिशेब करून पाहू. ६ मिलिमीटरचा ठिपका वेळेवर काढला तर जखमेची रुंदी १४ मिलिमीटर होते. ‘चवथीनंतर बघू’, ‘मुलीचे लग्न होऊन जाऊ दे’ असे म्हणत तो २ सेंटिमीटरचा होऊ दिला तर तीच रुंदी २८ मिलिमीटर होते. गोल जखम सरळ शिवली तर दोन्ही टोकांना कातडीचे फुगवटे येतात, म्हणून छेद लांबट घ्यावा लागतो, साधारण रुंदीच्या तिप्पट. म्हणजे पहिल्या वेळी सुमारे ४ सेंटिमीटरची रेघ आणि दुसऱ्या वेळी ८ सेंटिमीटरच्याही पुढे, जी गालावर कशीबशी बसेल, नाकावर बसूच शकत नाही.

निरोगी कातडी शक्य तितकी वाचवण्याची पद्धत अस्तित्वात आहे, हे मात्र संदेशात कुठेही येत नाही. एरवी काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात जाते आणि पोदेराकडचा उंडो (पाववाल्याकडचा गोल पाव) चार ठिकाणी कापून आत काय आहे ते पाहावे, तसे तिचे मोजके काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. दोन कापांमधली कड न पाहिलेलीच राहते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे डॉ. फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत गाठीचा पातळ थर काढून त्याची पूर्ण कड आणि पूर्ण तळ तपासला जातो, धागा ज्या बाजूला शिल्लक दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा थर काढला जातो, आणि रुग्ण तोवर बाहेर बसून राहतो. चेहऱ्यावरील पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेलवर नेदरलँड्समध्ये झालेल्या तुलनात्मक अभ्यासात १० वर्षांत गाठ परत येण्याचे प्रमाण नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के आणि मोह्जनंतर ४.४ टक्के आढळले. भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती नसेल तिथे फ्रोझन सेक्शनची (काढलेला तुकडा गोठवून शस्त्रक्रिया सुरू असतानाच तपासण्याची) मदत घेता येते, किंवा गाठ काढून जखमेवर नुसते ड्रेसिंग ठेवून कडा स्वच्छ असल्याचा अहवाल आल्यावरच चेहऱ्याची पुनर्रचना करता येते. त्या मधल्या दिवसांत उघड्या जखमेमुळे घरचे लोक अस्वस्थ होतात; परंतु गाठ शिल्लक असलेल्या जागेवर सुबक कातडी ओढून बसवणे याइतकी वाईट गोष्ट या शस्त्रक्रियेत दुसरी नाही.

चौथा दावा, चेहरा जन्माचा विद्रूप होतो. व्रण राहतच नाही असे कोणी सांगत असेल तर तेही खोटे आहे. त्वचेच्या पूर्ण जाडीतून गेलेला प्रत्येक छेद खूण ठेवतो. ती खूण कुठे पडावी हे मात्र पुष्कळ अंशी ठरवता येते. टेबलावर झोपवण्यापूर्वी रुग्णाला खुर्चीत बसवतात, कारण आडवे झाल्यावर गालाची कातडी कानाकडे ओघळते आणि रेषा बदलतात. मग त्याला डोळे घट्ट मिटायला, ओठांचा चंबू करायला, हसायला सांगतात आणि उमटलेल्या सुरकुत्यांवर जांभळ्या पेनने खुणा करतात. भुलीचे इंजेक्शन त्यानंतर. आधी दिले तर जागा फुगते आणि सुरकुती व गाठीची कड दोन्ही पुसट होतात. छेद त्या सुरकुतीत पडला तर कालांतराने तो तिच्यातच मिसळतो. ताण सगळा आतल्या, विरघळणाऱ्या टाक्यांवर घेतात. वरचे बारीक टाके चेहऱ्यावरून पाच ते सात दिवसांत काढतात, कारण जास्त दिवस राहिलेला टाका स्वतःचीच आडवी खूण सोडतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यासारख्या खोलगट जागेतली लहान जखम कधी कधी न शिवता सोडून दिली तरी उत्तम भरून येते. नाकाच्या कातडीला जुळणारा तुकडा कानापुढून किंवा कानामागून घेता येतो.

नाकाचा शेंडा मोठ्या प्रमाणात गेला असेल तर कपाळाची कातडी वळवून खाली आणतात, आणि या शस्त्रक्रियेचा उगम तर आपल्याच मुलुखातला आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या समाजातील एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवले, आणि त्याचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया केली. आजही कातडीचा देठ भुवईपाशी जोडलेला ठेवून तिला नाकावर आणतात आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ कापतात. ते तीन आठवडे आरशात पाहवत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

तोटेही सांगितले पाहिजेत. खालच्या पापणीजवळचा व्रण आकसून पापणी ओढली जाऊ शकते. सावळ्या त्वचेत छाती, खांदा आणि कानाची पाळी इथे केलॉइड (व्रणाच्या कडेबाहेर वाढणारा जाड फुगवटा) उठण्याचा संभव अधिक असतो. चेहऱ्याच्या मध्यभागी तो सुदैवाने क्वचितच होतो. जखम भरल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातून निदान १२ तास, असे दोन-तीन महिने लावणे, उन्हापासून जपणे, आणि व्रण उंचावू लागला तर वेळीच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणे याचा उपयोग होतो. पहिले काही महिने व्रण लाल आणि घट्ट असतो. तो निवायला वर्ष लागते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात काढलेला फोटो गटात फिरवून ‘बघा काय केले’ म्हणण्यात अर्थ नाही.

पाचवा दावा बिब्बा, काजूचे तेल आणि काळ्या मलमाचा, आणि या सर्वांत घातक तोच आहे. काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांकडे ज्याने पाहिले आहे त्याला टरफलातले तेल कातडीचे काय करते हे सांगावे लागत नाही. बिब्ब्याचा चीकही तसाच दाहक. काळ्या मलमात बहुधा झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट या अमेरिकी वनस्पतीचा अर्क असतो. हे पदार्थ गाठ ओळखत नाहीत, लागेल ते जाळतात. गळून पडते ती जळालेल्या कातडीची खपली, तिला ‘मूळ’ म्हणून दाखवले जाते. गंमत अशी की डॉ. मोह्ज सुरुवातीला झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट असलेलाच लेप वापरत. पण ऊती जागच्या जागी घट्ट करून स्थिर करण्यापुरता, आणि त्यानंतर सुरीने थर काढून प्रत्येक थर तपासत. पुढे त्यांनीही ताज्या ऊतीवर काम सुरू केले आणि लेप मागे पडला. मलमवाल्यांनी सूक्ष्मदर्शक सोडला आणि लेप तेवढा ठेवला. डिचोलीकडच्या एका बाईंच्या नाकपुडीशेजारचा ठिपका अशा मलमाने ‘गेला’ होता. वर गुळगुळीत पांढरी कातडी आली होती आणि तिच्याखाली गाठ कूर्चेपर्यंत पोहोचली होती. जे चार-पाच टाक्यांत आटोपले असते त्यासाठी कपाळाची कातडी आणावी लागली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो प्रकार हा.

लेझरबद्दल एवढेच, की जाळून टाकल्यावर तपासायला तुकडा उरत नाही आणि गाठ किती खोल होती हे कोणालाच कळत नाही. सुरीविना कोणताच मार्ग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वरवरच्या बेसल सेलवर इमिक्विमॉड या क्रीमचा उपयोग होतो. ब्रिटनमधील एका चाचणीत कमी धोक्याच्या गाठींवर पाच वर्षांनंतर क्रीमचे यश ८२.५ टक्के आणि शस्त्रक्रियेचे ९७.७ टक्के होते. काहींना हा फरक चालण्यासारखा असेल. निर्णय बायॉप्सी झाल्यावर डॉक्टरांशी बोलून घ्यावा. ज्यांनी मलम किंवा लेझर आधीच वापरला आहे त्यांनी संकोच न करता बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि उपचारापूर्वीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवावा, कारण वर कातडी भरून आल्यावर मूळ जागा नेमकी कोणती हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगता येत नाही.