अस्तंभा सातपुड्यात पहिला नाही

दिवाळी जवळ आली की नंदुरबार-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘अस्तंभा, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. मृत ज्वालामुखी. इथे आजही अश्वत्थामा भेटतो.’

आधी उंचीचं बघू. अक्राणी तालुक्यातला अस्तंभा 1325 मीटर. मध्य प्रदेशात पचमढीजवळचा धूपगड 1350 मीटर, आणि तोही सातपुड्यातच. फरक फक्त 25 मीटरचा, पण पहिला नंबर धूपगडचाच. घोळ होतो तो राज्याच्या सीमेवर. महाराष्ट्रापुरता सातपुडा धरला तर अस्तंभाच सगळ्यांत उंच. तोरणमाळचं पठार त्याच्या खालीच, मेळघाटातलं वैराटही सुमारे 1177 मीटर. मजकूर पुढे ढकलता ढकलता ही ‘महाराष्ट्रापुरता’ची अट गळून पडते. काही महाभाग तर अस्तंभ्याला थेट राज्यातलं सर्वोच्च शिखर करून टाकतात! मग 1646 मीटरच्या कळसूबाईचं काय करायचं? आणि 1567 मीटरच्या साल्हेरचं?

ज्वालामुखीची गोष्ट बहुधा डोंगराच्या आकारावरून सुचली असावी. दख्खनचा लाव्हा एखाद्या शंकूच्या तोंडातून उसळला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो मुख्यतः लांबच लांब भेगांमधून वर आला आणि थरावर थर पसरला. त्या भेगा बघायला डोंगर चढायचीही गरज नाही. नंदुरबार-धुळ्याच्या माळावर काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती दूरवर गेलेल्या दिसतात. भेगेतच थिजलेला लाव्हा तो, आजूबाजूचा दगड झिजल्यावर उघडा पडलेला. अस्तंभा हा त्याच थरांचा, झिजून उरलेला कडा. धूपगड मात्र लाव्हाचा नाहीच, वालुकाश्माचा आहे, या लाव्हापेक्षा कितीतरी जुना.

राहिला अश्वत्थामा. श्रद्धा मीटरपट्टीने खोडता येत नाही, मला खोडायचीही नाही. पण ‘फक्त इथेच’ असं कुणी जोडत असेल तर थांबा. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागणारा अश्वत्थामा बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही सांगतात, नर्मदा परिक्रमेच्या वाटेवरही. इथले आदिवासी भाविक ‘अस्तंबा ऋषी’ म्हणतात. धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात, असली गावाकडून रात्रीच चढायला लागतात. धूपगडावर जीप जाते. इथे पायांशिवाय सोय नाही.

मजकूर पाठवायचाच असेल तर एवढाच पाठवा: ‘अस्तंभा, 1325 मीटर, महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं सर्वोच्च शिखर.’