आमच्या गावात दहा वाजता झोपून दाखवा

अमरावतीच्या डॉक्टर मॅडमनी माझ्याकडून फार काही मागितलेलं नाही. गोळी चुकवू नका, सांगितलं तेव्हा रक्त तपासा, आणि रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठत जा. पहिल्या दोन गोष्टी मी इमानेइतबारे करतो. तिसरीसाठी मात्र गाव बदलावं लागेल, आणि संत्र्याची बाग पिशवीत घालून नेता येत नाही.

मॅडम शहरातल्या. त्यांना वाटतं, खेडं म्हणजे दिवेलागणीला भाकरी खाऊन निजणारं शांत ठिकाण. मी त्यांचा हा समज मोडला नाही. बाहेर एवढी माणसं ताटकळत बसलेली असताना थ्री फेजची, म्हणजे शेतीच्या विजेची, कथा कुठे काढायची?

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उधाणतं, कधी खचतं. वरुड-मोर्शीकडच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. संत्र्याचा आपण वर्षाला एकच बहार, म्हणजे फुलोरा, धरतो. आंबिया घेतला तर मृग सोडतो. दोन्ही धरले तर झाड एक वर्ष असं लगडतं की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून पाहतो, आणि त्यानंतर सल पडायला लागते, म्हणजे फांद्या शेंड्याकडून वाळत जातात, ती थांबत नाही. माझं झाड मालकाला न विचारता दोन्ही बहार धरतं, एवढाच आजार. गोळ्या त्याला एकावर आणतात.

माझा पहिला मोठा बहार गावानं मोठ्या कौतुकानं पाहिला. मला तेव्हा दोन-तीन तासांची झोप पुरत होती आणि थकवा म्हणून नव्हता. चहाच्या टपरीवर मी रोज एक योजना मांडायचो. संत्र्याचं ग्रेडिंग, वॅक्सिंग, कोल्ड स्टोरेज, रसाचा कारखाना, सालीचं तेल, थेट बांगलादेशला माल. लोक माना डोलवायचे. कोणाला शंका आली नाही, कारण हेच भाषण आमच्याकडे दर निवडणुकीत होतं आणि जवळपास याच क्रमानं होतं. शंका आली ती बायकोला. रात्री दोन वाजता मी अंगणात दोरी टाकून कोल्ड स्टोरेजचा पाया आखत होतो, आणि दोरी तिच्या तुळशीवरून जात होती. तिनं माझ्या भावाला उठवलं, भावानं गाडी काढली. उमेदवारांच्या घरी असं वेळेवर कोणी उठत नाही.

तर झोप. उन्माद, म्हणजे तो मोठा बहार, आला की झोप उडते, हे मला ठाऊक होतं. पण गणित उलटंही चालतं. 1987 साली अमेरिकेतल्या थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की उन्मादाकडे जाणाऱ्या पुष्कळ वाटा शेवटी एकाच फाटकातून जातात, आणि ते फाटक म्हणजे कमी झालेली झोप. शोक असो, प्रवास असो, घरात तान्हं बाळ असो, माणसाची झोप तुटली की काम झालं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी मनात आमच्या गावाचा हिशोब मांडला. शोक, प्रवास आणि बाळ वगळूनही यादी संपेना.

यादीत पहिली लाईन. शेतीची वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत माणूस पिकाला पाणी देतो म्हणतात, पण खरं तर तो डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, बघत बसतो. 2017 मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना आली, दिवसा वीज मिळणार म्हणून गावानं पिकासाठी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानं मेंदूसाठी वाजवल्या. आमच्या फीडरपर्यंत तो सूर्य अजून पोचायचा आहे. मधल्या काळासाठी भाच्यानं मोबाईल स्टार्टर बसवून दिला. म्हणजे मोटर बागेत आणि मी पलंगावर. लाईन आली की फोन वाजणार आणि यंत्रातली बाई सांगणार. सोय उत्तम आहे. फक्त आमची लाईन एका रात्रीत इतक्यांदा येते-जाते की ती बाई माझ्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायला लागली. एकदा फोन बायकोनं उचलला.

"अजी, हे कोन बाई हाय रात्री दीडले?"

"मोटर हाय."

"मोटर बोलते काजी?" ती उठून बसली, दिवा लावला आणि माझा चेहरा नीट पाहिला. "गोळी घेतली होती ना?"

बायपोलर माणसाची हीच अडचण. खरी गोष्ट सांगितली तरी ती लक्षणात धरली जाते. तेव्हापासून फोन रात्री नऊला जप्त होतो.

दुसरी गोष्ट जागल. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात, म्हणून माणसं मचाणावर. जागलीतून मला घरच्यांनी केव्हाच काढून टाकलं, पण जागल माझ्यातून गेली नाही. कारण शेजारच्या काकाजींनी स्वतः जागायचं सोडून भोंगा आणला. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, मग वाघाची डरकाळी आणि शेवटी एका अनोळखी माणसाचं "हाऽऽट हुर्रर्र" असं रेकॉर्ड केलेलं आहे. हे सगळं ठरावीक अंतरानं रात्रभर वाजतं. पहिला आठवडा डुकरं बिचकली. आता वाघ ओरडल्यावर ती मान वर करून पाहतात आणि परत घाटे खातात. काकाजी घरी घोरतात. त्या वाघाला दचकणारा शिवारात मी एकटा उरलोय.

माझी गोळी लिथियमची, आणि तिचा इतिहास मला इथे हटकून आठवतो. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं आपले निष्कर्ष छापले. त्यानं आधी लिथियमचा क्षार गिनीपिगना टोचून पाहिला होता आणि ते प्राणी सुस्त, शांत झाले होते. मग त्यानं ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं आणि आज माझ्यासारखे कितीतरी त्यावर उभे आहेत. ऋण आहेच. पण प्रयोगाला त्यानं पिग निवडताना थोडी मोठी जात घेतली असती, तर आमच्या हरभऱ्याचंही भलं झालं असतं.

खुद्द गोळीही झोपेच्या बाजूनं आहे असं नाही. लिथियमनं तहान लागते. पाणी प्यावंच लागतं, त्यात आमचा उन्हाळा 45 अंशांचा. पाणी कमी पडलं की रक्तातली पातळी चढते, आणि 0.6 ते 1.0 या पट्टीच्या फार वर गेलेलं लिथियम विष होतं. म्हणून मी तांब्या उशाशी ठेवतो. मग रात्री उठणं आलं. आमचं संडास परसात, मध्ये गोठा. बॅटरी घ्यायची, विंचू पाहायचा, गाय हंबरून आईला उठवते, आई आतून विचारते, "झोप नाई लागून राह्यली का बापू?" आणि सकाळी भावाला बातमी जाते की मी रात्रभर येरझारा घालत होतो. अंग दुखलं म्हणून मेडिकलवर साधी दुखण्याची गोळी मागावी तर तीही आपल्या मनानं घ्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी लिथियम चढतं. मेडिकलवाल्या पोराला हे मीच शिकवलं. आता मी दिसलो की तो मला बामची डबी देतो, काही न विचारता, खोकल्यालासुद्धा.

मागे कुठेसं वाचलं की नॉर्वेत 2016 मध्ये एक अभ्यास छापून आला. उन्मादाच्या रुग्णांना, औषधं चालूच ठेवून, संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत नारिंगी काचांचा चष्मा लावला, म्हणजे निळा प्रकाश डोळ्यांत जात नाही आणि मेंदूला अंधार झाल्यासारखं वाटतं. बऱ्यापैकी फरक पडला म्हणे. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, हरकत नाही, लावून पहा. मी मागवला. नॉर्वेत तो लावून माणूस दवाखान्यात राहत होता; मी तो लावून ग्रामपंचायतीसमोरून गेलो. पहिल्यानं विचारलं, "डोये आले का गा?" दुसरा म्हणाला, मोतीबिंदू. तिसऱ्यानं बायकोला सांगितलं की भाऊ वेल्डिंगचं दुकान टाकून राह्यले, आणि कोल्ड स्टोरेजचा इतिहास ठाऊक असल्यानं तिनं ते खरं मानलं. घरी मला त्या चष्म्यातून दूध, ताक आणि वरण एकाच रंगाचं दिसायचं. दुधाऐवजी दोनदा वरण चहात गेल्यावर चष्मा पेटीत गेला.

पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक बाईंची पद्धत त्या मानानं बिनखर्चाची. दिवसाच्या पाच वेळा बांधायच्या. अंथरुणातून उठणं, दिवसातल्या पहिल्या माणसाशी बोलणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण आणि झोप. मॅडमनी तक्ता दिला, रोज वेळ भरायची. उठण्याची चिंता नाही. गुरुदेव सेवा मंडळाची रामधून पहाटे गावातून निघते आणि ती एका मिनिटानं चुकत नाही. सगळ्या गावात डॉक्टरांच्या बाजूचं तेवढंच एक खातं आहे. अडतं ते पहिल्या माणसाशी बोलण्यावर. तक्त्याच्या हिशोबानं आधी उठायचं आणि मग बोलायचं. आमच्याकडे मोठमाय विरजण मागायला येते ती खिडकीतून बोलतच येते, मी डोळे उघडायच्या आत माझं अर्धं उत्तर देऊन झालेलं असतं. दोन नंबरचा रकाना एक नंबरच्या आधी येतो. मॅडमनी ते पाहिलं आणि पेन खाली ठेवून हसल्या.

लग्नसराईबद्दल काय लिहू? हळदीच्या रात्री डीजेपुढे मी दहा वाजता "येतो" म्हणालो तर सोयरे मला दारुडा समजले. एवढ्या लवकर माणूस गुपचूप कुठे जातो याचं त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. मी खुलासा केला नाही. आमच्यात दारुडा म्हटल्यानं भाच्यांची लग्नं अडत नाहीत. डोक्याची गोळी म्हटल्यानं अडतात.

सल पडण्याच्या, म्हणजे मन खचण्याच्या, दिवसांबद्दल थोडंच सांगतो. आमच्या जिल्ह्यांत गप्प झालेल्या शेतकऱ्याकडे घर वेगळ्या नजरेनं पाहतं, आणि त्याला कारणं आहेत. तसे माझे दिवस आले तेव्हा आईनं काही न बोलता फवारणीचे सगळे डबे मोठमायच्या घरी नेले. मोठमायनं कोठीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. ती आजही तिथेच आहे. आता मी ठीक आहे, बागेत मावा पडतो, कोळी पडतो, आणि दर वेळी मला तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. ती आधी माझं तोंड पाहते, मग झाडाचं पान पाहते. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर टेली-मानसचा 14416 हा नंबर रंगवला आहे, दिवसरात्र चालणारा, फुकट. तो मी पाठ केला आहे आणि आणखी दोघांना पाठ करायला लावला आहे. त्यातल्या एकानं लावलाही. तो कोण हे मोठमायलासुद्धा सांगितलेलं नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी तोडगा निघाला तो डीपीवर. आमच्या डीपीवर माझ्याशिवाय आणखी चौघं आहेत. त्यांना रात्री जागता येतं, पण मोबाईलवरच्या सरकारचा त्यांना धाक आहे. ई-पीक पाहणी, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, केवायसी, ओटीपी. मला ते सगळं येतं. बहाराच्या दिवसांत नको तितकं येत होतं. मग ठरलं. त्यांची दिवसाची कागदपत्रं मी करायची आणि माझ्या रात्रीच्या पाळीत मोटर, व्हॉल्व्ह, ठिबक त्यांनी पाहायचं. मॅडमना सांगितलं तर त्या खूश. असा उपाय त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. चौघांनाही त्यांनी माझ्यामार्फत निरोप धाडला की याच्या झोपेची जबाबदारी तुमची.

तो निरोप मी पोचवायला नको होता.

परवा रात्रीची पाळी. दहाला पडलो. भोंगा नेमका बिघडलेला, लग्न कुठे नाही, फोन बायकोच्या उशाखाली. गाढ लागली. केव्हातरी खिडकीच्या गजांतून बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर आला. चिखलानं भरलेले आमचे काकाजी बाहेर उभे.

"काय झालं काकाजी? मोटर जळली का?"

"नाई गा, मस्त चालू हाय मोटर."

"मग?"

"मॅडमनं सांगतलं होतं ना. म्हटलं झोपला का नाई, पाहून घेऊ."