ओळख आमची, किल्ली त्यांच्याकडे काऊन?

"गूगलचं बटण लावून टाका ना भाऊ, कायले एवढं डोकं फोडून राहिले?"

वाचनालयाच्या साइटवर सभासदांना आत येण्यासाठी 'गूगलने लॉगिन करा' हे बटण लावा, असं सांगणारं हे वाक्य आता मला सहन होत नाही. कमिटीतले काका हेच म्हणतात, आमच्या साइट्स ज्याच्या सर्व्हरवर आहेत त्या होस्टिंगवाल्याचा पोरगा हेच म्हणतो, परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे मित्र तर असं म्हणतात की जणू दुसरा रस्ता जगात कधी नव्हताच. सगळ्यांना एकदाच सांगतो. नाही लावणार. आणि काऊन नाही लावणार, ते आज पूर्ण ऐकून घ्या.

मागणी किती साधी आहे ते आधी बघा. नागपुरातली आणि आसपासची काही छोटी वाचनालयं आहेत. एक इंदोऱ्यात, एक महालात, एक कामठीला, एक हिंगण्याकडे. कोणाच्या दोन खोल्या, कोणाचा विहाराला लागून एक हॉल. प्रत्येकाची वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेली आपापली साइट आहे, आपापले सभासद आहेत. ठरलं असं की इंदोऱ्याच्या सभासदाला महालातलं पुस्तक घरबसल्या राखून ठेवता यावं. त्याने महालच्या साइटवर जायचं आणि सांगायचं की मी इंदोऱ्याचा. महालच्या साइटने इंदोऱ्याच्या साइटला विचारायचं, हा तुमचा माणूस का? तिने सभासदाला स्वतःच्या पानावर लॉगिन करायला लावून उत्तर द्यायचं, हो, आमचा. झालं! सभासदांची यादी कोणी कोणाला द्यायची नाही, कोणाचा पासवर्ड कोणी ठेवायचा नाही, आणि मधे तिसरा कोणी बसायचा नाही.

कागदावर तर वाचनालयं हे कधीपासून करत आली आहेत. एका वाचनालयाने चिठ्ठी दिली की दुसरं पुस्तक देतं. मग वेबसाइटवर तेच करायला गेलो की मला चंद्रावर यान पाठवायला निघाल्यासारखी वागणूक का मिळते?

राग यासाठी येतो की हे कोडं सुटलेलं होतं. २००५ मध्ये लाइव्हजर्नल ही ब्लॉगची साइट चालवणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ओपनआयडी ही लॉगिनची खुली पद्धत काढली. त्यात तुमच्या स्वतःच्या पानाचा पत्ता हीच तुमची ओळख. त्या पानाच्या वरच्या भागात दोन ओळी लिहायच्या, की माझी खात्री अमुक सर्व्हरकडून करून घ्या. उद्या तो सर्व्हर आवडला नाही, बंद पडला, पैसे मागायला लागला, तर त्या दोन ओळी बदलायच्या. पत्ता तोच, म्हणजे सगळीकडची ओळख तीच. कोणाच्या दारात जाऊन नोंदणी नाही, परवानगी नाही. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे आत जायला ओपनआयडी हाच रस्ता होता, इतका विश्वास होता त्यावर.

मग मोठे आले. गूगल, याहू, एओएल, सगळ्यांनी जाहीर केलं की आमचं खातं आता ओपनआयडी म्हणून वापरा. टाळ्या पडल्या. पण आपल्या मुख्य सेवांच्या दारात दुसऱ्याने दिलेली ओळख चालवून घ्यायला त्यांच्यातलं जवळजवळ कोणी तयार नव्हतं. माझ्या घरची ओळख तुझ्या घरी चालली पाहिजे, तुझ्या घरची माझ्याकडे चालणार नाही. ही देवाणघेवाण नाही, ही वसुली आहे. आणि वसुलीचं दुसरं, जास्त सोयीचं साधन, म्हणजे स्वतःच्या नावाचं लॉगिन बटण, हाती आल्यावर जुनं टाकून दिलं. ओपनआयडी देणारी मायओपनआयडी ही सेवा २०१४ च्या फेब्रुवारीत बंद झाली, गूगलने २० एप्रिल २०१५ ला जुनं ओपनआयडी बंद केलं, स्टॅक ओव्हरफ्लोनेही २०१८ मध्ये ते काढलं. ज्या लोकांनी आपल्या साइटवर भरवशाने ते बसवलं होतं, त्यांनी निस्तरत बसायचं.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या पर्सोना या लॉगिन पद्धतीचं मला अजून जास्त वाईट वाटतं. २०११ मध्ये ते आलं. तुमचा ईमेल पत्ता हीच ओळख, आणि ब्राउझर मधे राहून साइटला फक्त एवढंच सिद्ध करून देणार की हा पत्ता याचाच आहे. तुम्ही कुठल्या कुठल्या साइटवर जाता, हे ईमेल देणाऱ्या कंपनीलाही कळू नये, अशी रचना विचारपूर्वक केलेली होती. माझ्या सभासदांना हेच पाहिजे होतं. ईमेल पत्ता बहुतेकांकडे आहे, नवीन काही शिकवायला नको. ३० नोव्हेंबर २०१६ ला तेही बंद. वापरणारे कमी होते, असं कारण. कमीच राहणार ना! मोठ्या साइट्सनी हात लावला नाही, मग लोक वापरणार कुठे?

आता म्हणतील, ओपनआयडी कनेक्ट ही त्याची नवी पद्धत आहे की. आहे. फेब्रुवारी २०१४ पासून आहे, चांगलं आहे, आणि त्याच्या कागदांत अशीही सोय लिहिलेली आहे की एखादी साइट अनोळखी सर्व्हरकडे जाऊन तिथल्या तिथे, माणसाच्या मदतीशिवाय स्वतःची नोंद करून घेईल. ही सोय सगळ्यांनी दिली असती तर माझं काम कधीच संपलं असतं. पण मोठ्या कंपन्यांच्या लॉगिनसाठी आजही त्यांच्या कन्सोलवर, म्हणजे नोंदणीच्या पानावर, जावं लागतं, खातं उघडावं लागतं, क्लायंट आयडी, म्हणजे आपल्या साइटचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, गुप्त किल्ली जपावी लागते, परत येण्याचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवावा लागतो. शेवटी एक तिरपी रेघ जास्त झाली तरी दार बंद. ही नोंदणी आपोआप होऊच शकत नाही, असं मला कोणी सांगू नये. मॅस्टोडॉन या विकेंद्रित, म्हणजे अनेकांच्या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या, सोशल नेटवर्कचा कोणताही सर्व्हर घ्या, एक विनंती पाठवली की तो त्याच क्षणी नवीन ॲपची नोंद करून किल्ली देतो. तांत्रिक अडचण नाहीच. त्यांना नको आहे, एवढंच.

"पण बिघडतं काय? सगळ्यांकडे जीमेल असतेच." हा पुढचा प्रश्न, आणि यावर माझा आवाज चढतो. इंदोऱ्याचे एक निवृत्त सर आहेत, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता वाचनालयात रोज येतात. वाचलेल्या पुस्तकांची टिपणं ते वर्षानुवर्षं एका साइटवर लिहीत होते, अशाच एका मोठ्या कंपनीच्या बटणाने लॉगिन करून. मोबाइल बदलला, जुनं सिम बंद झालं, आणि खातं अडकलं. पडताळणीचा कोड त्या जुन्या नंबरवर जाणार. फॉर्म भरले, वाट पाहिली, उत्तर यंत्राचं. बोलायला माणूस नाही, जायला कचेरी नाही. टिपणं गेली. ज्या साइटवर टिपणं होती ती साइट जागेवर आहे, सर जागेवर आहेत, आणि मधल्या तिसऱ्याने दोघांची ओळख तोडली. आमच्या वाचनालयातलं रजिस्टर हरवलं तर लायब्ररियन ताई सरांना चेहऱ्याने ओळखतात, नवीन पान उघडून देतात. ही ताकद मी त्या ताईंच्या हातातून काढून घेऊ? सोय म्हणून?

आणि हे एका सरांचं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जगभर सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा त्याचा काही संबंध नसलेल्या साइट्सची दारंही लोकांना बंद झाली, कारण आत जायचं बटण फेसबुकचं होतं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तिथूनच लॉगिनची टोकनं, म्हणजे पासवर्ड न टाकता आत नेणारे डिजिटल पास, चोरीला गेली. आधी सांगितलं सुमारे ५ कोटी खाती, मग आकडा सुमारे ३ कोटींवर आणला. एकाच फाटकातून सगळं गाव नेलं की असं होणारच.

मग कोणी शहाणा म्हणतो, ओटीपी लावा. मोबाइलवर एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-पोर्टलवर संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याच्या नावाची नोंदणी, मजकुराच्या साच्याची मंजुरी, आणि वर प्रत्येक एसएमएसचे पैसे. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाने हे करायचं? बरं, नंबर ही कायमची ओळख तरी आहे का? बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. म्हणजे तो दुसरा माणूस सरांच्या खात्यात बसणार. याला सुरक्षा म्हणायचं?

सीताबर्डीवर तर्री पोहे खा आणि पैसे द्या. तुमचं ॲप कोणतं, तुमची बँक कोणती, पोहेवाल्याची बँक कोणती, कोणी विचारत नाही. २०१६ पासून यूपीआय असं चालतं, कारण सगळ्या बँकांना एकमेकांचा पत्ता मानावा लागतो. पत्त्याचा आकारही बघा, नाव आणि पुढे कोणाकडचा ते. पैशासारखी जोखमीची गोष्ट या देशात अशी फिरू शकते, तर "हा आमच्या वाचनालयाचा सभासद" एवढं एक वाक्य इंदोऱ्याहून महालात का जाऊ शकत नाही? पैशासाठी मधे एक संस्था उभी केली, नियम केले, सगळ्यांना ते पाळायला लावले. लॉगिनसाठी कोणी केलं नाही, आणि ज्यांना फायदा होता त्यांनी ती रिकामी जागा बळकावली.

मी हात वर करून बसलेलो नाही. इंडीऑथ नावाची पद्धत आहे, २०१८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने टिपण म्हणून छापलेली. त्यात विचारणाऱ्या साइटचा पत्ता हाच तिचा क्लायंट आयडी, आधी नोंदणी करायची गरजच नाही. वर्डप्रेससाठी तयार प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा जास्तीचा भाग, आहे. प्रत्येक वाचनालयाच्या साइटवर तो बसवला की ती साइट आपल्या सभासदांची खात्री देऊ शकते. कागदावर सगळं जुळतं.

आणि मग होस्टिंग आडवं येतं. प्लगइनला आपलं काम करायला वर्डप्रेसची रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला साइटशी बोलायची खिडकी, लागते, आणि सुरक्षेच्या नावाखाली ती कोणीतरी परस्पर बंद केलेली असते. एका साइटवर सुरक्षेच्या प्लगइनने, दुसरीवर खुद्द होस्टिंगवाल्याने. फोन केला की विचारतो, "हे कायले पायजे तुम्हाले? कोणीच मागत नाही." कोणी मागत नाही म्हणून तू उघडणार नाहीस, आणि तू उघडत नाहीस म्हणून कोणी वापरत नाही! तिसऱ्या साइटवर कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत, जुनंच पान दाखवत राहतो, त्यात 'खात्री इथून करा' सांगणारी नवीन ओळ दिसतच नाही. चौथीवर पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट एक आणि त्याशिवाय दुसरा, दोन्ही उघडतात, म्हणजे एकाच माणसाच्या दोन ओळखी तयार.

शिकवणाऱ्यांचंही सांगतो. यूट्यूब उघडा, मराठी घ्या, हिंदी घ्या, "वेबसाइटमध्ये लॉगिन कसं लावावं" म्हटलं की तेच रंगीत बटण. विकेंद्रित लॉगिनवर जे थोडं सापडतं त्यातल्या नमुना कोडमध्ये महत्त्वाची तपासणीच गाळलेली. उत्तरात सभासदाचा जो वेब-पत्ता येतो, तो पत्ता खरोखर त्याच सर्व्हरला आपला मानतो का, हे पुन्हा जाऊन बघावं लागतं. नाही बघितलं तर कोणीही भामटा स्वतःचा सर्व्हर उभा करून "मी इंदोऱ्याचा सर" म्हणून आत शिरेल. हे इंडीऑथच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी "सोपं करून सांगतो" म्हणत लोक ते सोडून देतात, आणि उद्या कुठे चोरी झाली की म्हणतील, बघा, हे विकेंद्रित वगैरे धोक्याचंच असतं.

सभासदांना वेबचा पत्ता टाइप करता येणार नाही, ही काकांची शंका मात्र खरी आहे. सत्तरीच्या माणसाला कोलन आणि दोन तिरप्या रेघा टाइप करायला लावणं हा छळ आहे, आणि ओपनआयडीवाल्यांनी त्या काळी नेमका तोच केला. म्हणून आमच्या लॉगिनच्या पानावर वाचनालयांच्या नावांची यादी असेल. इंदोरा, महाल, कामठी, हिंगणा. आपल्या नावावर बोट ठेवायचं, आपल्याच ओळखीच्या पानावर जाऊन पासवर्ड टाकायचा, परत यायचं. खाली एक मोकळी चौकट, उद्या वर्ध्याचं किंवा यवतमाळचं वाचनालय आलं तर त्याच्यासाठी. त्यांनी माझी परवानगी घ्यायची गरज नाही, पत्ता टाकला की झालं. पासवर्ड विसरला तर लायब्ररियन ताई समोर बसून बदलून देतील.

रविवारी कमिटीची बैठक आहे. इंदोरा आणि महाल या दोन साइट्स जोडून दाखवणार आहे, सर स्वतः लॉगिन करतील. होस्टिंगवाल्याने तोवर रेस्ट एपीआय उघडली नाही, तर चारही साइट्स दुसरीकडे हलवणार आणि पहिल्या वर्षाचे पैसे मी भरणार, हे काकांना सांगून झालं आहे. गूगलच्या बटणाचा ठराव कोणाला मांडायचाच असेल तर त्यांनी तो लेखी मांडावा, आणि खातं अडकलेल्या सभासदाने कोणाच्या दारात जायचं, ते नाव-पत्त्यासकट त्याच ठरावात लिहावं.